ब्लॉग काही महिने थांबवायचाय? आधी ही कामं उरका

परीक्षा, बाळंतपण, घरातलं आजारपण, नवी नोकरी, प्रबंधाचं शेवटचं वर्ष. अशा काळात ब्लॉगवर लिहिणं मागे पडतं आणि ते पडायलाच हवं. पण लिहिणारा थांबला तरी ब्लॉग चालूच असतो. डोमेनची, म्हणजे ब्लॉगच्या विकत घेतलेल्या पत्त्याची, मुदत संपत येते, बँकेचं कार्ड बाद होतं, प्लगइन (ब्लॉगला जोडलेले छोटे प्रोग्राम) जुनी होतात, प्रतिक्रियांमध्ये जाहिरातींचा कचरा साठतो आणि मनापासून काही विचारलेला एखादा वाचक उत्तराची वाट बघत राहतो. म्हणून सुट्टीची तयारी ही बरीचशी देखभालीची तयारी असते. एक मोकळी दुपार आणि नंतर महिन्याला पंधरा-वीस मिनिटं एवढ्यात ती भागते. शक्यतो व्याप सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीच बसा. ऐन घाईत बसलात तर अख्खी दुपार पासवर्ड शोधण्यात जाते.

बसण्याआधी एक साधी टेक्स्ट फाइल उघडा आणि तिला ‘सुट्टीची यादी’ असं नाव द्या. पुढच्या पायऱ्यांमध्ये जी जी सेटिंग बदलाल ती तारखेसह इथे लिहायची: आधी काय होतं, आता काय केलं. सहा महिन्यांनी यातलं काहीही आठवत नाही, आणि परत आल्यावर ‘प्रतिक्रिया का येत नाहीत?’ याचा शोध घेण्यात पहिला आठवडा जातो.

किती थांबायचं ते ठरवा

पर्याय तीन आहेत. लिहिणं पूर्ण थांबवणं. महिन्यातून एखादी छोटी पोस्ट टाकत मंद गतीने चालू ठेवणं. किंवा आधी लिहून ठेवलेल्या पोस्ट शेड्यूल करून ब्लॉग हलता ठेवणं. नवीन लिहिणाऱ्यांना दुसरा पर्याय सोपा वाटतो. प्रत्यक्षात तोच सगळ्यात अवघड आहे, कारण पोस्ट महिन्याला एकच असली तरी ‘लिहायचं राहिलंय’ ही टोचणी तीसही दिवस असते. गेल्या सहा आठवड्यांत लिहायची इच्छा असूनही एकही पोस्ट पूर्ण झाली नसेल, तर मंद गतीचा विचार सोडा आणि सरळ थांबा. व्याप दोन-तीन आठवड्यांचाच असेल तर यातलं काहीच करायची गरज नाही. तेवढ्या खंडाकडे कुणाचं लक्षही जात नाही.

परतीची तारीख ठरवू नका, फेरविचाराची ठरवा. समजा तीन महिन्यांनंतरचा एखादा रविवार. तो फक्त तुमच्या कॅलेंडरमध्ये असू द्या, वाचकांना सांगू नका. त्या दिवशी एवढंच ठरवायचं: आणखी थांबायचं का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढची तारीख टाकून कॅलेंडर बंद करा.

थांबलो तर ब्लॉग गूगलमधून गायब होईल, ही भीती बहुतेकांना असते. नवं काही लिहिलं नाही एवढ्या कारणाने जुनी पानं शोधातून काढली जात नाहीत. ज्या पोस्टची माहितीच शिळी होते, उदाहरणार्थ एखाद्या ॲपच्या जुन्या आवृत्तीची, त्यांचे वाचक हळूहळू कमी होतात. पण ते तुम्ही लिहीत असतानाही होतच असतं.

डोमेन: सगळ्यात आधी हेच

तुमचा पत्ता ब्लॉगस्पॉट किंवा वर्डप्रेस डॉट कॉमने दिलेला मोफत उपडोमेन असेल तर हा भाग वाचून सोडून द्या. स्वतःचं डोमेन विकत घेतलं असेल तर सुट्टीत घडणारी सगळ्यात महागडी चूक इथेच होते.

रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन जिच्याकडून घेतलं त्या कंपनीच्या, खात्यात लॉगिन करून मुदत संपण्याची तारीख बघा आणि ती यादीत लिहा. सुट्टी सहा महिन्यांची असेल आणि मुदत पुढच्या वर्षभरात संपत असेल, तर आजच एक-दोन वर्षांसाठी नूतनीकरण करा. डॉट कॉम, डॉट नेट यांसारख्या डोमेनची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत पुढे नेता येते. तेवढी गरज नसते, पण दोन वर्षं केली तर मधलं एक वर्ष निश्चिंत जातं.

‘ऑटो-रिन्यू चालू आहे’ एवढ्यावर विसंबू नका. ते तीन कारणांनी फसतं: खात्याला जोडलेल्या कार्डाची मुदत संपलेली असते, बँक आपोआप होणारं पेमेंट अडवते, किंवा ‘पेमेंट झालं नाही’ हे सांगणारी मेल तुम्ही न बघणाऱ्या पत्त्यावर जाते. म्हणून कार्डावरची तारीख आणि डोमेनची तारीख शेजारी ठेवून बघा. कार्ड आधी संपत असेल तर ऑटो-रिन्यू नसल्यासारखंच आहे.

मुदत संपली तर पुढे काय होतं ते माहीत असू द्या. डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण डोमेनसाठी, डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमांनुसार रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत सूचना पाठवायची असते. त्यानंतर रजिस्ट्रारच्या धोरणानुसार काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येऊ शकतं. रजिस्ट्रारने डोमेन काढून टाकलं की ३० दिवसांचा ‘रिडेम्प्शन’ काळ सुरू होतो. त्यात डोमेन परत मिळतं, पण वेगळं आणि बरंच मोठं शुल्क पडतं. मग ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि त्यानंतर नाव सगळ्यांसाठी खुलं होतं. हा झाला कागदावरचा क्रम. काही रजिस्ट्रार मधल्या काळातच नाव लिलावात काढतात, त्यामुळे ‘अजून दोन महिने आहेत’ असा हिशेब करू नका. देशांच्या नावाने असलेल्या डोमेनचे नियम तर देशागणिक वेगळे असतात.

वाचकसंख्या असलेलं जुनं डोमेन सुटलं की ते उचलणारे टपलेलेच असतात. मग तुमच्या नावाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसतात आणि इतरांनी तुमच्या पोस्टना दिलेल्या लिंक त्या जाहिरातींकडे जातात.

गूगलची ब्लॉगर ही सेवा वापरणाऱ्यांसाठी एक खास मुद्दा. ब्लॉगरला स्वतःचं डोमेन जोडलं की जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता आपोआप त्या डोमेनकडे वळतो. डोमेन संपलं तर दोन्ही पत्त्यांवर ब्लॉग दिसेनासा होतो आणि सगळं लेखन गेलं असं वाटतं. ते गेलेलं नसतं. सेटिंग्जमध्ये जाऊन ते डोमेन काढून टाकलं की ब्लॉगस्पॉटचा पत्ता पुन्हा चालतो.

होस्टिंगची, म्हणजे ब्लॉगच्या फाइली ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेची, मुदतही याच बैठकीत बघा. पैसे थकले की कंपनी आधी साइट बंद करते आणि काही काळाने डेटा पुसते. किती काळाने, ते करारात असतं. कंपनीने ठेवलेले बॅकअपही त्याच खात्यात असतात आणि खात्याबरोबरच जातात.

खात्यांच्या चाव्या

नेहमी दिसणारा एक सापळा असा: रजिस्ट्रारच्या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा असतो. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो. मग नूतनीकरणाची सूचना येत नाही आणि पासवर्ड बदलण्याची मेलही येत नाही. रजिस्ट्रार आणि होस्टिंग या दोन्ही खात्यांवर डोमेनशी संबंध नसलेला ईमेल टाका. टाकल्यावर तो पडताळण्यासाठी येणारी लिंक त्याच दिवशी उघडा. संपर्काचा नवा ईमेल १५ दिवसांत पडताळला नाही तर डोमेन स्थगित होऊ शकतं. म्हणजे खबरदारी म्हणून केलेल्या बदलानेच ब्लॉग बंद पडायचा.

दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी) चालू असेल तर बॅकअप कोड काढून कागदावर लिहून ठेवा. गूगल एका वेळी आठ आकडी १० कोड देतं आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. सुट्टीच्या काळात फोन बदलला आणि कोड देणारं ॲप जुन्या फोनवरच राहिलं, तर या कागदाखेरीज आत शिरायला फारसे मार्ग उरत नाहीत.

ब्लॉगर गूगल खात्यावर चालतो. गूगलच्या २०२३ च्या धोरणानुसार सलग दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकलं जाऊ शकतं. रोजच्या वापराच्या खात्याला याचा धोका नाही. पण ब्लॉगसाठी वेगळं खातं उघडून ते कधीच न वापरणारे पुष्कळ असतात. त्यांनी दर काही महिन्यांनी तिथे लॉगिन करावं.

बॅकअप, आणि तो उघडून बघणं

वर्डप्रेसमध्ये ‘साधने’मधल्या ‘निर्यात’वरून एक एक्सएमएल फाइल मिळते. तिच्यात पोस्ट, पानं, प्रतिक्रिया आणि वर्ग असतात. चित्रं नसतात, त्यांचे फक्त पत्ते असतात. ही फाइल दुसरीकडे आयात करताना चित्रं जुन्या साइटवरून ओढून घेतली जातात. जुनी साइट तोवर बंद पडली असेल तर मजकूर येतो आणि चित्रांच्या जागी रिकामे चौकोन राहतात. म्हणून स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस असेल तर तीन गोष्टी उतरवून घ्या: सगळा मजकूर साठवणारा डेटाबेस, ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ हा पूर्ण फोल्डर आणि ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ ही फाइल.

ब्लॉगरमध्ये सेटिंग्जमधल्या ‘ब्लॉग व्यवस्थापित करा’ या भागात मजकुराचा बॅकअप घेता येतो. थीमचा बॅकअप वेगळा, थीमच्या पानावरून. चित्रांच्या मूळ फाइली इथेही स्वतंत्रपणे जपाव्या लागतात.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी डेटाबेसचा बॅकअप घेताना अक्षरसंच, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, बघून घ्यावा. तो ‘यूटीएफ८एमबी४’ असायला हवा. चुकीच्या अक्षरसंचात निर्यात झाली तर परत भरताना सगळ्या मजकुराची प्रश्नचिन्हं होतात, आणि प्रश्नचिन्हांतून मूळ मजकूर परत मिळत नाही. तपासणी सोपी आहे. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, ब्लॉगवरच्या पहिल्या पोस्टचं शीर्षक शोधा, मग शेवटच्या पोस्टचं शोधा. दोन्ही नीट वाचता आली तर बॅकअप ठीक आहे. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर. चालू साइट धरून तीन प्रती झाल्या. वैयक्तिक ब्लॉगला एवढं पुरतं.

वर्डप्रेसची डागडुजी

न लागणारी प्लगइन नुसती निष्क्रिय करू नका, काढून टाका. निष्क्रिय प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर राहतात आणि त्यातली भेग हल्लेखोराला पुरते. उरलेल्यांना स्वयंचलित अपडेट लावा. ही सोय ५.५ आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, प्लगइनच्या यादीतच आहे. अपडेटने साइट बिघडेल म्हणून काही जण ते बंद ठेवतात. रोज साइट बघणाऱ्याला ते परवडतं. सहा महिने न फिरकणाऱ्यासाठी जुनं, भेग पडलेलं प्लगइन हा जास्त मोठा धोका आहे.

साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं असेल तर त्याची मुदत जास्तीत जास्त ९० दिवस असते. बहुतेक होस्टिंग कंपन्या ते आपोआप नवं करतात. स्वतः हाताने बसवलं असेल तर आपोआप नूतनीकरण चालतं का ते आताच तपासा, कारण मुदत संपत आल्याच्या ईमेल पाठवणं या संस्थेने जून २०२५ मध्ये बंद केलं आहे. प्रमाणपत्र संपलं की ब्राउझर वाचकाला पानाऐवजी लाल इशारा दाखवतो.

आणि एक मोह टाळा. सुट्टी म्हणून पूर्ण साइटवर ‘काम चालू आहे’ची पाटी लावू नका, साइट खासगी करू नका, ‘शोधयंत्रांना मज्जाव करा’ या चौकटीत खूण करू नका. अशा पाटीबरोबर शोधयंत्राला जाणारा तात्पुरत्या बंदचा ५०३ संकेत एक-दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर गूगल ती पानं यादीतून काढू लागतं. मज्जावाची खूण तर परत आल्यावरही काढायची राहून जाते. तुम्ही थांबलात म्हणून जुनं लेखन झाकायचं काहीच कारण नाही.

प्रतिक्रिया

इथे एक निर्णय घ्यावा लागतो: उघड्या ठेवायच्या की बंद करायच्या? प्रतिक्रिया आधी तपासून मग प्रसिद्ध करण्याची सोय चालू ठेवून निघून जाणं सगळ्यात वाईट. वाचक लिहितो, त्याचं लेखन रांगेत अडकतं, त्याला वाटतं ते हरवलं, आणि तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. दोन-तीन आठवड्यांतून एकदाही बघणं जमणार नसेल तर बंद करा आणि तसं स्पष्ट लिहा.

वर्डप्रेसमध्ये एक चूक हमखास होते. ‘चर्चा’ सेटिंगमधली ‘नव्या पोस्टवर प्रतिक्रिया देऊ द्या’ ही खूण काढली की प्रतिक्रिया बंद झाल्या असं वाटतं. ती खूण फक्त यापुढच्या पोस्टना लागू होते. जुन्या सगळ्या उघड्याच राहतात. त्याच पानावर ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या पोस्टवरच्या प्रतिक्रिया आपोआप बंद करण्याची सोय आहे. मूळ आकडा १४ दिवसांचा असतो, तो तसाच ठेवला तरी चालतो. आलेल्या प्रतिक्रिया दिसत राहतात, नव्या येत नाहीत.

ब्लॉगरमध्ये ‘लपवा’ हा पर्याय निवडला तर आधीच्या प्रतिक्रियाही दिसेनाशा होतात. जुन्या ठेवून नव्या थांबवायच्या असतील तर ‘कोण प्रतिक्रिया देऊ शकतं’ याखाली फक्त ब्लॉगचे सदस्य निवडा.

संपर्काचा फॉर्म काढून टाका, किंवा त्याच्या वर ‘उत्तराला उशीर होईल’ अशी ओळ लिहा.

वाचकांना काय सांगायचं

पाच-सहा वाक्यं पुरतात. त्यात पाच गोष्टी हव्यात: केव्हापासून थांबत आहात, एका ओळीत कारण, जुनं लेखन राहणार की नाही, प्रतिक्रिया आणि ईमेलचं काय, आणि परत सुरू झाल्यावर वाचकाला कसं कळेल. नमुना असा:

‘मार्च २०२६ पासून काही काळ या ब्लॉगवर नव्या पोस्ट येणार नाहीत. घरच्या आणि कामाच्या जबाबदाऱ्या वाढल्यामुळे लिहायला वेळ उरत नाही. जुन्या पोस्ट इथेच राहतील. प्रतिक्रिया तोवर बंद आहेत. ईमेल मी वाचेन, पण उत्तराला काही आठवडे लागू शकतात. पुन्हा सुरू केल्यावर फीड आणि ईमेल घेणाऱ्यांना आपोआप कळेल.’

वर्ष लिहायला विसरू नका. ‘या मार्चपासून’ असं लिहिलेली पाटी दोन वर्षांनी वाचणाऱ्याला गोंधळात टाकते. ‘जूनमध्ये नक्की परत येईन’ हे वाक्य तर लिहूच नका. जून उलटला की ते वाक्य वाचकापेक्षा तुम्हालाच जास्त छळतं. तारीख चुकली म्हणून लाज, लाज वाटते म्हणून आणखी उशीर. बरेच ब्लॉग व्यापाने बंद पडत नाहीत, असल्या चुकलेल्या तारखेने पडतात.

कारण सांगताना दुसऱ्याची गोष्ट आपण उघड करत नाही ना, ते बघा. घरातल्या कुणाचं आजारपण, मुलांच्या अडचणी, जोडीदाराची नोकरी हे त्या त्या माणसाला विचारल्याशिवाय लिहू नये. घर किती दिवस बंद असेल तेही नको. ‘घरच्या जबाबदाऱ्या’ एवढं पुरेसं आहे. कुणी खोदून विचारलं तरी तेच वाक्य पुन्हा लिहायला हरकत नाही.

क्षमायाचना एक ओळ, तीही हवी असेल तर. तीन परिच्छेद माफी मागितली की वाचकाला तुमचं सांत्वन करावं लागतं.

ही पोस्ट मुखपृष्ठावर सगळ्यात वर चिकटवून ठेवा. शोधातून येणारा वाचक मुखपृष्ठ बघतच नाही, तो थेट एखाद्या जुन्या पोस्टवर उतरतो. म्हणून बाजूच्या पट्टीतही एक ओळ टाका. समाजमाध्यमांवर एकदा लिंक दिली की पुरे.

वाचकांकडून वर्गणी घेत असाल तर हिशेब वेगळा. सूचना देण्याआधी पुढची बिलं थांबवा, आणि वर्षाचे पैसे दिलेल्यांना मुदतवाढ की परतावा ते सूचनेतच लिहा. हे मोघम ठेवू नका.

आधी लिहिलेल्या पोस्ट शेड्यूल करायच्या असतील तर

महिन्याला एक, आणि एकूण तीन-चारपेक्षा जास्त नाही. त्या अशा असाव्यात की कोणत्याही आठवड्यात वाचल्या तरी चालतील: पुस्तकाची ओळख, एखादी कृती, जुन्या लेखनाची निवड. थट्टेच्या आणि चालू घडामोडींवरच्या पोस्ट शेड्यूल करू नका. एखाद्या दुर्घटनेच्या दिवशी नेमका तुमचा विनोद झळकतो आणि तो मागे घ्यायला तुम्ही तिथे नसता. विश्वासातल्या एका माणसाला संपादकाचा प्रवेश देऊन ठेवला तर अशा वेळी पोस्ट मागे घेता येते. मुख्य प्रशासकाचा पासवर्ड मात्र कुणाला देऊ नका.

स्वतःच्या होस्टिंगवरच्या वर्डप्रेसमध्ये ठरलेली वेळ गाठण्याचं काम कुणी पान उघडल्यावरच होतं. वाचक कमी असतील तर सकाळी आठची पोस्ट दुपारी निघते, कधी ‘वेळ चुकली’ असा शेरा घेऊन तशीच पडून राहते. होस्टिंगच्या नियंत्रण पटलावर खरा क्रॉन जॉब (सर्व्हरकडून ठरल्या वेळी काम करून घेणारी आज्ञा) लावला की हे थांबतं.

अर्धवट ड्राफ्ट

यावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात आणि परत सुरू करताना याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. सगळे ड्राफ्ट उघडा आणि तीन ढीग करा. तासाभरात पूर्ण होणारे आताच संपवा, पण दोनच. वर्षभर न उघडलेले काढून टाका. जीव तुटत असेल तर ‘जुने’ नावाच्या फाइलमध्ये हलवा. उरलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर तीन ओळी लिहा: हा लेख काय सांगणार होता, पुढचं वाक्य कोणतं, आणि काय शोधायचं राहिलं आहे.

‘पुढचं वाक्य’ खरोखर पूर्ण लिहा. ‘इथे उदाहरण घालायचं’ अशी टीप सहा महिन्यांनी वाचली तर कोणतं उदाहरण ते आठवत नाही. ‘इथे आजीच्या शिलाई मशीनचा पट्टा तुटल्यावर तिने तो कसा जोडला ते सांगायचं’ असं लिहिलं असेल तर पाच मिनिटांत हात चालू लागतो.

सुट्टीच्या काळात

महिन्यातून एकदा, वीस मिनिटं. खासगी विंडोमध्ये, लॉगिन न करता ब्लॉग उघडा. वाचकाला जे दिसतं ते दिसायला हवं. मग लॉगिन करा, अपडेट बघा, स्पॅम रिकामा करा, आणि रजिस्ट्रार किंवा होस्टिंगकडून काही मेल आली आहे का ते शोधा. नूतनीकरणाच्या नावाखाली खोट्या मेलही येतात, म्हणून मेलमधली लिंक न दाबता स्वतः पत्ता टाइप करून खात्यात शिरा. वाचकांचे आकडे बघू नका. ते उतरलेले असणार, आणि त्याबद्दल आत्ता काही करायचं नाहीये.

सुचलेलं टिपायला एकच जागा ठेवा, फोनमधली नोट किंवा खिशातली वही. नोंद एका ओळीची: तारीख, विषय आणि एक ठोस तपशील. ‘प्रवासावर लिहायचं’ ही नोंद निरुपयोगी आहे. कुणी काय म्हटलं, काय दिसलं, कशाचा वास होता, एवढं एक असू द्या. आठवड्याला एक नोंद झाली तरी पुष्कळ, आणि एकही झाली नाही तरी चालेल. हा गृहपाठ नाही. बोलून टिपणं सोयीचं वाटत असेल तर फोनच्या मराठी व्हॉइस टायपिंगने ओळ उतरते, पण आठवडाभरात ती एकदा वाचून सुधारा. आवाजाने उतरलेली विशेषनामं बऱ्याचदा चुकतात आणि नंतर ओळखू येत नाहीत.

परतताना

क्रम महत्त्वाचा आहे. आधी बॅकअप. मग प्लगइन, थीम आणि वर्डप्रेस यांचे राहिलेले अपडेट एकेक करून, प्रत्येकानंतर मुखपृष्ठ आणि एखादी जुनी पोस्ट उघडून बघत. सगळे एकदम केले आणि साइट पांढरी पडली तर कशामुळे ते कळत नाही. दरम्यान होस्टिंग कंपनीने पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची, आवृत्ती वाढवली असेल तर जुनी थीम अडखळू शकते.

मग सुट्टीची यादी उघडा आणि खालून वर एकेक बदल उलटा करा. संपर्क फॉर्ममधून स्वतःला एक संदेश पाठवा. फॉर्म दिसतो पण मेल पोचत नाही, असं बऱ्याचदा होतं.

नव्या उत्साहात थीम आणि पोस्टच्या पत्त्यांची रचना बदलावीशी वाटते. थीम बदला हवं तर. पत्ते बदलू नका, नाहीतर बाहेरच्या जुन्या लिंक तुटतात. तसंही देवनागरी पत्ते नाजूक असतात. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या शेवटच्या भागाला २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह रूपांतरानंतर नऊ जागा खातं, म्हणून वीस-बावीस चिन्हांनंतर शीर्षक मध्येच छाटलं जातं. नव्या पोस्टना छोटा पत्ता द्या, जुन्यांना हात लावू नका.

पहिली पोस्ट तीन-चारशे शब्दांची, नेहमीच्या विषयावर. ‘इतके दिवस कुठे होतो’ याला एक वाक्य. मधल्या काळाचा सगळा वृत्तांत लिहायला बसलात तर तो महिनाभर संपणार नाही, आणि तो संपेपर्यंत दुसरं काही लिहवत नाही. ही पोस्ट प्रसिद्ध करण्याआधी आणखी दोन तयार ठेवा; पुनरागमनाची एक पोस्ट आणि मग पुन्हा चार महिने शांतता, हे चित्र फार ठिकाणी दिसतं. पाटी काढायला विसरू नका.

ईमेल यादी असेल तर पहिल्या मेलच्या सुरुवातीलाच आपण कोण, त्यांनी कधी नाव नोंदवलं होतं आणि नको असेल तर कसं काढायचं ते लिहा. वर्षभराने आलेली मेल अनोळखी वाटते आणि लोक ती स्पॅममध्ये टाकतात. असं बऱ्याच जणांनी केलं की पुढच्या मेल इतरांपर्यंतही नीट पोचत नाहीत.

परतायचं नसेल तर

दोन-तीनदा फेरविचाराची तारीख पुढे ढकलली आणि दर वेळी हायसं वाटलं, तर ब्लॉग संपला असं मानायला हरकत नाही. अशा वेळी वर्डप्रेस तसंच सोडून न जाता ब्लॉगची स्थिर एचटीएमएल प्रत काढून ती ठेवा. तिला डेटाबेस लागत नाही, प्लगइन लागत नाहीत, अपडेट लागत नाहीत. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर मुख्य पानं जतन करता येतात. तिथलं लेखन मात्र सगळ्यांना दिसतं, म्हणून खासगी पोस्ट आधी काढून टाका.

डोमेन सोडण्याची घाई करू नका. त्या डोमेनवरच्या ईमेलने उघडलेली खाती शोधून प्रत्येकावर दुसरा पत्ता टाका. डोमेन पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला तुमच्या नावाने आलेली पासवर्ड बदलण्याची मेल वाचता येईल. सगळी खाती बदलून झाल्यावरही पुढे एक वर्ष डोमेन चालू ठेवा आणि त्या पत्त्यावर काय येतं ते बघत राहा, कारण विमा, कर किंवा जुनी वर्गणी यांच्या काही मेल वर्षातून एकदाच येतात.